चुकीचा माग कसा लागतो

सोलापुरांतील एखाद्या मागावर चादर विणली जात असतां तिच्या वेलबुट्टींत मध्येंच एक धागा चुकलेला दिसतो. चूक झाली इतकें कापड पाहून कोणालाहि कळतें. ती कोठें झाली हें सांगावयाला मात्र जाणता विणकरच लागतो. तो प्रथम चूक कितीदां व कशी उमटली आहे तें पाहतो. ती सबंध कापडांत एकदांच असली तर त्या वेळीं धागा तुटला असेल. एकाच उभ्या रेषेंत ती सलग उतरत गेली असेल तर तो धागा उचलणारा आंकडा अडकला असावा. परंतु नक्षीच्या प्रत्येक आवर्तनांत नेमक्या त्याच जागीं ती पुनः पुनः येत असेल, तर बहुधा दोष धाग्याचा नसतो. तो नक्षीच्या पुठ्ठ्यांत शोधावा लागतो.

हे भोकें पाडलेले पुठ्ठे म्हणजे जॅकार्डची युक्ति. फ्रान्समधील लियाँ शहरच्या जोसेफ मारी जॅकार्ड यानें १८०४ च्या सुमारास ती पूर्णत्वास नेली. तेलंगणांतून येऊन सोलापुरांत स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांच्या हातून ज्या चादरीला देशभर नांव मिळालें, ती याच युक्तीवर विणली गेली. नक्षीकार चौकटींच्या कागदावर नक्षी काढतो. साध्या विणींत कागदावरील एक आडवी ओळ म्हणजे एक पुठ्ठा, आणि एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. जेथें भोक असेल तेथील उभे धागे उचलले जातात. नसेल तेथील खालीं राहतात. पुठ्ठे क्रमानें ओंवलेले असल्यामुळें आवर्तनाच्या आरंभापासून आडवे धागे मोजीत गेलें कीं चुकलेला पुठ्ठा हातीं लागतो, आणि पुठ्ठ्याच्या क्रमांकावरून कागदावरील ओळ. मागाला वेल ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतें तें केवळ भोक.

संगणकाची स्थिति नेमकी अशीच आहे. १९५७ सालीं आय. बी. एम. कंपनीनें फोरट्रान ही भाषा प्रसिद्ध केली. तेव्हांपासून मनुष्यानें आपल्या सोईच्या भाषेंत आज्ञावली लिहावी आणि तिचें यंत्राच्या आज्ञांत रूपांतर दुसऱ्या एका आज्ञावलीनें करावें, ही रीत सर्वत्र रूढ होत गेली. या रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. तिच्यांतून ज्या आज्ञा बाहेर पडतात त्या निव्वळ अंकरूप असतात. त्या संगणकाच्या स्मृतींत एकीपुढें एक मांडल्या जातात आणि प्रत्येकीला घरक्रमांकासारखा एक पत्ता असतो. मनुष्याच्या एका ओळीच्या अशा अनेक आज्ञा होतात, आणि मूळ ओळींची त्यांना आठवणहि राहत नाहीं.

एखाद्या कारखान्यांत मजुरीचा हिशेब करणारी आज्ञावली आहे, असें श्रोत्यांनी समजावें. एकूण मजुरीला हजर दिवसांनीं भागून रोजची सरासरी काढणें, ही तिची ८७ वी ओळ. एका महिन्यांत एका आजारी कामगाराचे हजर दिवस शून्य भरले. शून्यानें भागणें शक्य नसल्यानें आज्ञावली जागच्या जागीं थांबली, आणि तिच्याबरोबर सर्वांचीच मजुरी अडली. यंत्रानें निरोप दिला तो एवढाच: ९,२१,३४० या पत्त्यावर काम थांबलें. मूळ लिखाण हजारों ओळींचें असतां या अंकाचा अर्थ कसा लावावा?

पहिलें काम वजाबाकीचें. चोराला जागेचा अंदाज लागूं नये म्हणून आजचीं यंत्रें आज्ञावलीला बहुधा प्रत्येक खेपेस निराळ्या ठिकाणीं उतरवितात. आजचा मुक्काम ४,००,००० पासून असेल तर खरा पत्ता ५,२१,३४० ठरतो. दुसरें काम कोष्टक पाहण्याचें. कंपायलरनें रूपांतर करतांनाच एक टिपण करून ठेविलेलें असतें: ५,२१,३२८ पासून ओळ ८७, ५,२१,३५२ पासून ओळ ८८. पत्ता या दोहोंच्या मध्यें पडतो. अर्थात् दोष ८७ व्या ओळींत प्रकट झाला. ड्वार्फ नांवाच्या प्रचलित पद्धतींत असें कोष्टक सबंध लिहीत नाहींत, कारण तें अवाढव्य होईल. "पत्ता इतका पुढें, ओळ इतकी पुढें" अशा त्रोटक सूचना तेवढ्या साठवितात, आणि अ‍ॅडर-टू-लाइन यासारखें साधन त्यांवरून कोष्टक पुनः उभें करतें.

तिसरें काम अधिक नाजूक आहे. ८७ वी ओळ ज्या भागांत आहे त्याला हांक कोणी मारली, हेंहि शोधावें लागतें. यंत्राजवळ हांक मारल्याची जागा टिपलेली नसते. काम आटोपल्यावर कोठें परतावयाचें तो पत्ता असतो, आणि तो हांकेच्या पुढील आज्ञेचा असतो. तो तसाच कोष्टकांत पाहिला तर पुष्कळदां पुढील निरपराध ओळीवर आळ येतो. म्हणून जाणते लोक त्यांतून एक वजा करून मग पाहतात.

या विद्येलाहि मर्यादा आहेत. वेग वाढावा म्हणून कंपायलर आज्ञांचा क्रम बदलतो, एक भाग दुसऱ्यांत विरघळवून टाकतो. मग एका पत्त्याला दोन-तीन ओळींचें नातें सांगावें लागतें. याहून मोठें संकट मनुष्याच्या हयगयीचें. आकार लहान व्हावा म्हणून गिऱ्हाइकाला आज्ञावली देतांना हें कोष्टक पुष्कळदां काढून टाकतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु तें घरीं जपून ठेवावें लागतें, आणि तेंहि नेमकें त्याच प्रतीचें. मूळ लिखाणांत चार ओळी वाढल्या कीं जुना पत्ता नव्या कोष्टकांत भलतीच ओळ दाखवितो, आणि ती चूक आहे असें कोष्टक स्वतः सांगत नाहीं. म्हणून प्रत्येक प्रतीवर एक ओळखचिन्ह उमटवितात व जोडी जुळल्यावांचून उत्तरावर विश्वास ठेवीत नाहींत.

पुठ्ठे कापून झाल्यावर नक्षीचा कागद फेकून दिला, तरी चादर विणली जाईलच. पहिली चूक दिसेपर्यंत कोणाचें कांहीं अडणार नाहीं. त्या दिवशीं मात्र पुठ्ठ्यामागून पुठ्ठा उलगडीत बसावें लागेल आणि तोंवर माग उभा राहील. मजुरीच्या आज्ञावलीचेंहि तसेंच. कोष्टक जपलेलें असेल तर ८७ वी ओळ थोड्या वेळांत सांपडते, भागण्यापूर्वीं हजर दिवस शून्य तर नाहींत ना एवढी विचारणा तिच्यांत घालतां येते, आणि कामगारांची मजुरी त्याच दिवशीं हातांत पडते.