लेथची मोटर आणि घरचा नियंत्रक

शाळेच्या उद्योगवर्गात किंवा गावच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात लहानसा लेथ असला, की पहिली अडचण वेगाची येते. पोलादाचा दांडा साध्या हायस्पीड टूलने कातायचा, तर टूलखालून मिनिटाला सुमारे ३० मीटर धातू सरकावा. दांडा १० मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्यासाठी मिनिटाला साडेनऊशे फेरे लागतात. ४० मिलिमीटरचा असेल, तर अडीचशेसुद्धा नकोत. मोटर मात्र एकाच वेगाने फिरणार! पुलीवरचा पट्टा बदलून तीन-चार वेग मिळतात, पण मधले मिळत नाहीत.

यावर उपाय आहे, तो डी.सी. मोटरचा. मोडीत निघालेल्या व्यायामयंत्रातली १८० व्होल्टची, कायम चुंबकाची मोटर या कामी चांगली. हिचा गुण असा, की दाब कमी केला की वेग कमी होतो, वाढवला की वाढतो. ही गोष्ट जुनीच आहे. वॉर्ड लिओनार्ड याने १८९१ साली हेच तत्त्व वापरले. पण त्याला दाब बदलण्यासाठी एक वेगळे जनित्र फिरवावे लागे. १९५७ साली थायरिस्टर आला आणि ते सगळे अवजड काम बोटभर तुकड्यावर आले.

थायरिस्टर म्हणजे कालव्याचे दारच समजा, फक्त एका बाजूने वाहू देणारे. आपल्या घरची वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. प्रत्येक लाटेत हे दार लवकर उघडले तर मोटरला जास्त वीज मिळते, उशिरा उघडले तर थोडी. दोन थायरिस्टर, दोन डायोड आणि दार केव्हा उघडायचे ते सांगणारे एक लहान मंडल, एवढाच मुख्य संसार. २३० व्होल्टच्या विजेपासून असा सरासरी २०७ व्होल्टपर्यंत दाब मिळतो, म्हणून बटण १८० च्या पुढे जाणार नाही अशी मर्यादा घालावी.

एवढ्यावर लेथ फिरेल. पण हळू वेगात टूल धातूला लागले, की चक गपकन बसतो. मग होतं काय? समजा, मोटरच्या तारेचा रोध ४ ओहम आहे. रिकामी असताना ती १ अँपिअर घेते, कातताना ६. म्हणजे आणखी २० व्होल्ट तारेतच खर्ची पडले. मोटरला १८० व्होल्ट असतील तर वेग नवव्या हिश्शाने उतरतो, ते चालून जाते. ६० व्होल्टच असतील तर तो तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त उतरतो! म्हणून प्रवाह मोजून, तो वाढेल तसा दाब आपोआप वाढवणारी जोड ठेवावी. ती अति झाली तर मोटर हेलकावे खाऊ लागते. तेव्हा थोडे मागे यावे.

आणि पट्टा-पुली काढून टाकू नका. विजेने वेग कमी केला, तरी मोटरची पीळ देण्याची ताकद वाढत नाही. पुलीने ती वाढते. शिवाय हळू फिरणाऱ्या मोटरचा स्वतःचा पंखाही हळूच फिरतो, आणि ती तापते.

आता माझ्या चुकीविषयी. माझ्या पहिल्या नियंत्रकाला नुसता दाबायचा खटका होता. एका संध्याकाळी वीज गेली. खटका तसाच राहिला आणि मी हाताने चकवरचा कीस झाडू लागलो. वीज आली. तर्जनीवरचा व्रण अजून आहे. विद्यार्थ्यांना मी तो दाखवतो. वीज गेली की सुटणारा आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय न धरणारा रिले बसवा. वेगाचे बटण शून्यावर असल्याशिवाय मोटर सुरू होऊ नये, अशीही सोय करता येते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल, हे कुणी सांगावे?

लेथचा पत्रा आणि मोटरचे कवच अर्थिंगला जोडा. मंडल बंद पेटीत ठेवा, कारण लोखंडाचा कीस आत शिरला तर एका क्षणात सारे जळते. वेगाच्या बटणाचे मंडल थेट घरच्या विजेशी जोडलेले असते; बटणाची टोपी प्लॅस्टिकचीच हवी. जोडणी करताना वायरिंगचा जाणता माणूस शेजारी असू द्या, आणि मुलांच्या हाती उघडी पेटी देऊ नका.

पहिल्या चाचणीला मोटर जोडूच नये. तिच्या जागी १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा लावा आणि बटण सावकाश फिरवा. प्रकाश मिणमिणता सुरू होऊन, मध्ये कुठे न उचकता सारखा वाढत गेला, तर मोटरच्या तारा जोडायला हरकत नाही.