श्वासाचा मास्क लावलेल्या रुग्णाजवळ बसताना…

या जागेतून आपण नेहमी पीकपाण्याचं बोलतो. आज थोडं वेगळं बोलायचं आहे. थंडी पडली की गावात धापेचे रुग्ण वाढतात. कुणाची बिडी जुनी, कुणाचा जन्म चुलीच्या धुरात गेलेला. मग रात्री-अपरात्री जीप काढून तालुक्याला पळावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या चुलत्यांवर ही वेळ आली. डॉक्टरांनी घशात नळी न घालता नाका-तोंडावर घट्ट मास्क बांधला आणि यंत्राने दाबाची हवा सुरू केली. याला बायपॅप म्हणतात. २०२०-२१ च्या कोरोनात आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. श्वास घेताना जादा दाब, सोडताना कमी दाब, असं हे यंत्र चालतं. थकलेल्या छातीला आधार मिळतो, रक्तात साठलेला कर्बवायू बाहेर पडतो. कित्येकांची नळी त्यामुळे टळते.

पण दाबाची हवा म्हटली की ती वाट मिळेल तिकडे जाणारच. पाइपलाइनचंही तसंच असतं ना!

दुसऱ्या दिवशी चुलत्यांचं पोट फुगलं. आम्ही म्हटलं, गॅस झाला असेल. चुलतीने मास्क काढून अर्धा कप चहा पाजला आणि आम्हीच पट्टे आवळले. थोड्याच वेळात मास्कमध्येच उलटी झाली. सिस्टर धावत आल्या, मास्क काढला, कुशीवर वळवलं, घसा साफ केला. थोडक्यात निभावलं. उलटी फुप्फुसात गेली असती तर? चूक आमचीच होती.

कशाकडे लक्ष ठेवाल?

नाकाच्या दांड्यावर जखम होणं, तोंड कोरडं पडणं, हवा गळून डोळे लाल होणं हे नेहमीचं. क्वचित घडणाऱ्या गोष्टी मात्र पटकन ओळखता येत नाहीत.

जनावराला पोटफुगी झाली की डाव्या कुशीवर टिचकी मारून आपण ओळखतो. इथेही हवा अन्ननलिकेतून पोटात शिरते, पोट ढोलासारखं ताणतं आणि श्वास आणखी अडतो.

फऱ्या झालेल्या जनावराच्या सुजेवर हात दाबला की करकर वाजतं, हे आपल्याला ठाऊक आहे. रुग्णाच्या मानेवर, छातीवर किंवा चेहऱ्यावर सूज येऊन हाताला तसंच करकर लागलं, तर कातडीखाली हवा शिरली असं समजा. रोग वेगळा, पण खूण तीच.

छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन धाप वाढली, तर फुप्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर आली असण्याची शक्यता असते. कधी कानापुढे गालगुंडासारखी सूजही येते, कारण हवा लाळेच्या नळीतून ग्रंथीत जाते.

यातलं काहीही दिसलं, किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर तत्काळ सिस्टरला हाक मारा. आपल्या मनाने पट्टे सैल करू नका, आवळूही नका. विचारल्याशिवाय पाण्याचा घोटही देऊ नका.

नळीला नाही म्हणू नका

मण्यार चावलेला किंवा फवारणीचं विष भिनलेला माणूस गुंगीत असतो, तोंडाला लाळ-फेस येतो. त्याला मास्क सहसा चालत नाही, कारण लाळ फुप्फुसात उतरते. तिथे डॉक्टर नळीच सांगतील. “नळी घातली म्हणजे माणूस गेला” असं म्हणून नातेवाईक अडून बसतात आणि मोलाची वेळ जाते. नळी घातलेले कित्येक रुग्ण चार-आठ दिवसांनी चालत घरी येतात.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींना विनंती, की ग्रामसभेत हे एकदा वाचून दाखवा. यंत्र डॉक्टर लावतात, पण रात्रभर रुग्णाच्या उशाशी आपलाच माणूस बसलेला असतो. त्याला या खुणा माहीत असल्या पाहिजेत.

चुलते सध्या घरी आहेत. बिडी सुटली आहे. चुलीचं तेवढं अजून जमवायचं आहे.