वैतरणेचे पाणी

दिवाळी संपली, की आपल्या घरात उरतात ते डब्याच्या तळाशी चिवड्यातले शेंगदाणे आणि वाण्याचे बिल. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र दिवाळी संपली, की घरेच रिकामी होऊ लागतात. भात, नागली, वरई खळ्यावरून घरात आली, की वीटभट्टीवाल्याची उचल घेतलेली कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरांसकट वाडा, भिवंडी, वसईकडे निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुंबई-ठाण्याच्या कित्येक भिंतींत त्यांच्या हातची वीट आहे.

आपल्याला जव्हार ठाऊक असते ते निराळ्या कारणासाठी. मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा, दाभोसाचा धबधबा, सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवछत्रपती जेथे थांबले ते शिरपामाळ! मीही प्रथम तेथे गेलो तो सहलीलाच. आणि सहलीला गेलेल्या माणसाला श्रावणात सारेच हिरवेगार दिसते. त्याच दिवसांत डोंगरउतारावरच्या घरांतली कणगी तळाला गेलेली असते, हे मोटारीच्या खिडकीतून कळत नाही.

याच तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला कळले ते 1992 साली. कुपोषणाने आणि त्यापाठोपाठच्या आजारांनी तेथे शंभराहून अधिक बालके दगावली. चौकश्या झाल्या, मोटारींची धूळ उडाली, योजना आल्या. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हाही झाला. तरी 2016 साली बालमृत्यूंसाठीच मोखाड्याचे नाव पुन्हा वृत्तपत्रांत गाजले.

1971 साली पूर्व बंगालचे लक्षावधी निर्वासित भारतात अन्नाला महाग झाले असताना पीटर सिंगर या तरुण ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने एक निबंध लिहिला; तो पुढल्या वर्षी छापला गेला. त्यातला दाखला अगदी साधा आहे. वाटेवरच्या डबक्यात मूल बुडते आहे. कपडे चिखलाने बरबटतील म्हणून तुम्ही पुढे निघून जाल काय? नाही ना? मग ते मूल हजार कोसांवर असले म्हणून काय बिघडले?

युक्तिवाद बिनतोड आहे. पण मुंबईकराने तो मोखाड्याला लावला, तर मला तो तोकडा वाटतो. सिंगरचा वाटसरू त्या मुलाचे काही लागत नाही. आपण लागतो. 1957 साली वैतरणेवर मोडकसागर झाला, आणि 2014 साली मोखाड्यातील कोचाळे येथे तिच्यावरच मध्य वैतरणा धरण पुरे झाले, शंभर मीटरहून उंच. ते पाणी मुंबईच्या नळांना येते. आणि मोखाड्यात पावसाळाभर आभाळ फाटल्यासारखे कोसळूनही उन्हाळ्यात पाड्यावर टँकरची वाट पाहावी लागते! मेल्यावर वैतरणी तरून जाता यावी म्हणून गाय दान द्यावी, असे आपल्याकडे सांगतात. आपण तर जिवंतपणीच रोज वैतरणा पितो. ज्याचे पाणी प्यायलो आणि ज्याच्या विटेखाली राहिलो, त्याला चार जुने कपडे देऊन त्याचे नाव दान ठेवावे, हे मला पटत नाही. ते देणे आहे, आणि तेही थकलेले.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या प्रेरणेने रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी 1975 साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. जितका कर जमेल, तितकीच भर सरकारने घालायची. 1977 साली योजनेचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. देशभराचा 2005 चा कायदा त्याच वाटेने आला. आपल्या पगारपत्रकात दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात ना, ते त्या कराचे. कर पाहून आपण कुरकुरतो. तो कशासाठी बसला होता, हे मात्र ऑफिसात दहा जणांना विचारून पाहा.

मग माणसे भट्टीवर जातात का? कारण सरकारी कामाची मजुरी रेंगाळते आणि भट्टीवाल्याची उचल ऐन दिवाळीत रोख हातात पडते. एवढेच.

“ते दारू पितात, पोरींची लवकर लग्ने करतात,” असे कोणी म्हणतोच. काही घरांत ते खरे असेलही. पण दोन वर्षांचे मूल दारू पीत नाही, आणि त्याने कोणाचे लग्नही ठरवलेले नसते.

खरी मेख पुढे आहे. 2015 पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एकदा ताजे, चौरस जेवण मिळू लागले. योजना उत्तम. परंतु अंगणवाडी पाड्यावर राहते, आई भट्टीवर जाते. मुलाचे वजन ज्या वहीत मांडायचे, ती वही मागे राहते. नेमके आठ महिने पोट सांभाळायचे, तेव्हा माय कच्च्या विटांच्या थापीपाशी उकिडवी बसलेली असते.

वसई-भिवंडीच्या भट्ट्या आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहेत. मोसम आता सुरू होईल. तिथल्या जवळच्या अंगणवाडीत भट्टीवरच्या पोरांची नावे चढली आहेत काय, आणि नसतील तर कोणाला सांगून चढवायची, हे विचारून यायला एक रविवार पुरतो.