पातळ भिंतींचे पोलादी बांधकाम

पातळ भिंतींचे पोलादी बांधकाम म्हणजे साधारणतः अर्धा ते तीन-चार मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा थंड अवस्थेतच दुमडून तयार केलेल्या घटकांचे बांधकाम होय. छताचा पत्रा ज्यांवर बसतो त्या 'सी' किंवा 'झेड' आकाराच्या पर्लिन, नालीदार छतपत्रे आणि गोदामांतील उंच रॅक ही त्याची नेहमी दिसणारी उदाहरणे आहेत. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील चिखली, शेजारचे तळवडे आणि इंद्रायणीपलीकडचा चाकण औद्योगिक पट्टा येथील कारखाने व गोदामे मोठ्या प्रमाणावर अशाच घटकांनी आच्छादलेली आहेत. या घटकांची ताकद मोजण्याचे शास्त्र मुख्यत्वे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे संरचना अभियांत्रिकीचे प्राध्यापक जॉर्ज विंटर (१९०७–१९८२) यांच्या संशोधनावर उभे आहे.

मूळ अडचण

तापवून लाटलेले अँगल व चॅनेल जाड असतात. त्यांच्या बाबतीत पोलाद स्वतः किती प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील बल) सोसते, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. पातळ पत्र्याचे तसे नसते. पोलादाची ताकद संपण्याच्या बरेच आधी पत्रा दाबाखाली लाटांसारखा फुगतो. या क्रियेस बकलिंग म्हणतात. ब्रिटिश गणितज्ञ जी. एच. ब्रायन यांनी १८९१ मध्ये सपाट पट्टीच्या बकलिंगचे सूत्र मांडले. त्यानुसार बकलिंगचे प्रतिबल जाडी व रुंदी यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असते. रुंदी तीच ठेवून जाडी निम्मी केली, तर हे प्रतिबल एकचतुर्थांश होते.

केवळ या सूत्रावर विसंबले, तर पातळ पत्र्याची बांधकामे परवडणारच नाहीत. प्रत्यक्षात मात्र फुगलेला पत्रा लगेच कोसळत नाही. मधला भाग भार घेण्याचे टाळतो, पण दुमडीने धरून ठेवलेल्या कडा सरळ राहतात आणि भार त्यांच्याकडे सरकतो. थिओडोर फॉन कार्मान यांनी सेक्लर व डोनेल यांच्यासह १९३२ मध्ये ही गोष्ट 'प्रभावी रुंदी' या कल्पनेत बसवली. त्यांच्यासमोर विमानांचे पातळ कवच होते. पत्र्याचा मधला भाग नाहीच असे समजायचे आणि कडांलगतच्या दोन पट्ट्या पूर्ण ताकदीने भार घेतात असे धरायचे, असा तो हिशेब.

विंटर यांचे संशोधन

व्हिएन्नात जन्मलेले विंटर १९३८ मध्ये अमेरिकेत आले. पुढच्याच वर्षी अमेरिकन आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटच्या साहाय्याने कॉर्नेलमध्ये हलक्या पोलादी घटकांच्या चाचण्या सुरू झाल्या. कार्मान यांचे सूत्र अगदी सपाट पत्र्यास लागू होते. बांधकामातला पत्रा तसा नसतो. त्यात मूळचाच थोडा बाक असतो आणि दुमडताना आत अडकून राहिलेली प्रतिबलेही असतात. विंटर यांनी चाचण्यांच्या आधारे सूत्राला एक घटीचे पद जोडले. त्यातील गुणांक आरंभी ०.२५ होता, पुढे तो ०.२२ करण्यात आला. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेची पहिली मानक संहिता याच कामातून आली. सूत्र दिसायला क्षुल्लक आहे, पण त्यामुळे विमानशास्त्रातील कल्पना सामान्य शेडच्या छतापर्यंत पोहोचली.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दोन्ही कडा धरलेली, २०० मिमी रुंद व २ मिमी जाड पट्टी घेऊ. तिच्या पोलादाचे यील्ड प्रतिबल (ज्यापुढे आकार कायमचा बदलतो ते) चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन आहे. ब्रायन यांच्या सूत्राने ही पट्टी सुमारे ७२ न्यूटनलाच फुगते. म्हणजे तेथेच थांबल्यास एकूण भार सुमारे २९ किलोन्यूटन. विंटर यांच्या सूत्राने प्रभावी रुंदी सुमारे ९५ मिमी येते आणि भार ४७ किलोन्यूटनपर्यंत जातो. आता गंजामुळे जाडी दीड मिमी उरली असे धरू. जाडी २५ टक्क्यांनी घटली, पण भारक्षमता सुमारे २८ किलोन्यूटनवर येते. ही घट ४० टक्क्यांहून अधिक आहे. पातळ पत्र्यावरील जस्तलेप शोभेसाठी नसतो, तो यामुळे.

पुढील वाटचाल

एका कडेला मोकळी असलेली पट्टी अधिक लवकर फुगते. अशा पट्ट्यांवर व्ही. कल्याणरामन, तिओमान पेकोझ व विंटर यांचा शोधनिबंध १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्याणरामन नंतर मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. मोकळ्या कडेवर पत्रा थोडा आत वळवून 'ओठ' केला की ती कड सावरली जाते. पण ओठ अपुरा असेल, तर आडवी पट्टी ओठासकट दुमडीभोवती फिरते. या विरूपणावर सिडनी विद्यापीठात ग्रेगरी हॅनकॉक यांनी विशेष काम केले. त्यामागे गोदामांतील रॅकच्या खांबांचा प्रश्न होता. पट्टीपट्टीची प्रभावी रुंदी काढण्याऐवजी संपूर्ण छेदाचे बकलिंग संगणकावर काढण्याची 'थेट बलपद्धती' बेंजामिन शेफर व पेकोझ यांनी १९९८ मध्ये मांडली. २००४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या संहितेने ती परिशिष्टात घेतली.

भारतात या घटकांसाठी आयएस ८०१ हे मानक आहे. त्याची १९७५ ची आवृत्ती प्रभावी रुंदीचीच पद्धत वापरते, मात्र सूत्रे किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये आणि जुन्या कार्यकारी प्रतिबल पद्धतीने दिलेली आहेत. मुख्य पोलादी सांगाड्याचे आयएस ८०० हे मानक २००७ पासून मर्यादा-अवस्था पद्धतीकडे वळले. त्यामुळे एकाच शेडचा सांगाडा एका पद्धतीने आणि त्यावरील पर्लिन दुसऱ्या पद्धतीने तपासण्याची वेळ अभियंत्यावर येते. विद्यार्थ्यांचा गोंधळ येथेच होतो.

चिखली परिसरातील शेड

आयएस ८७५ (भाग ३) नुसार पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किमी धरतात. त्यातून येणारा दाब चौरस मीटरला अंदाजे ९३ किलो वजनाइतका होतो. अर्धा मिमी जाडीच्या छतपत्र्याचे वजन मात्र तेवढ्या क्षेत्राला चार-पाच किलोच भरते. सखल छतावर वारा मुख्यतः वर ओढतो. एरवी दाब पर्लिनच्या वरच्या पट्टीत असतो आणि छतपत्रा तिला बाजूला सरकू देत नाही. वारा वर ओढू लागला की दाब खालच्या पट्टीत जातो, आणि तिला धरणारे काही नसते. त्यासाठी पर्लिन एकमेकींना सळ्यांनी किंवा आडव्या जोडपट्ट्यांनी बांधतात. दोन-चार सळ्यांचा खर्च वाचवलेली छते म्हणूनच वादळात आधी जातात.

आगीचा धोका वेगळा. ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि पातळ पत्रा काही मिनिटांतच तेवढा तापतो. भंगार, प्लॅस्टिक वा लाकूड साठवलेल्या गोदामात ही बाब निर्णायक ठरते.

चिखलीतील कुदळवाडी भाग भंगार व्यवसायासाठी ओळखला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील हजारो अनधिकृत पत्राशेड व गोदामे पाडली. परवानगीविना उभ्या राहिलेल्या शेडचा आराखडा तपासणीसाठी कोणाकडे जात नाही, त्यामुळे तिच्या पर्लिनचा हिशेब झाला की नाही हे बाहेरून कळत नाही. उतरवलेल्या पर्लिन दुसरीकडे पुन्हा वापरताना जाडी मूळ माप धरून न चालता मोजून घ्यावी लागते. चेपलेला ओठ आणि दुमडीजवळ पाडलेली नवी भोके हे दोष वरवर किरकोळ वाटतात. पण फुगलेल्या पत्र्याचा भार कडाच वाहत असल्याने अशी पर्लिन मूळ हिशेबाने वापरता येत नाही.