आश्रयगृहांतील दांडगा कुत्रा शेतावर कसा नांदेल?

शेतावरील वस्तीस राखणीचा कुत्रा हवा, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु तो पैसे मोजून विकतच घेतला पाहिजे, असें मुळींच नाहीं. शहरांत हौसेनें आणलेलें पिलूं वर्षभरांत पंचवीस-तीस किलोंचें धूड बनतें. दिवसभर कोंडून पडल्यामुळें तें दारें कुरतडतें, माणसांवर उड्या घेतें, आणि मग धनी त्यास आश्रयगृहांत नेऊन सोडतो. अल्सेशियन, लॅब्राडोर आदि जातींचा गांवठी कुत्र्यांशीं संकर होऊन झालेले असे धट्टेकट्टे कुत्रे आश्रयगृहांतून बरेच आढळतात. असा कुत्रा शेतकऱ्याच्या घरीं कसा नांदेल, व फसगत कोठें होते, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शेतावर मोकळी जागा आहे, तेव्हां कुत्र्याची रग आपोआप जिरेल, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें ही समजूत चुकीची होय. मोकाट सोडलेला तरुण कुत्रा शेजाऱ्याच्या शेळ्या-कोंबड्यांमागें लागतो. एकदां ती चटक लागली म्हणजे मोडणें फार कठीण. उलट, सदा साखळीस जखडलेला कुत्रा चावरा बनतो. आणि बांधलेल्या कुत्र्यास पुरेसें न फिरविणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हाही आहे. कुत्र्यास वळण लागतें तें जमिनीच्या क्षेत्रानें नव्हे, तर धन्यानें रोज दिलेल्या वेळानें. सकाळ-संध्याकाळ मिळून निदान तासभर ज्यास काढतां येत नाहीं, त्यानें असा कुत्रा आणूं नये.

निवड एकाच भेटींत करूं नये. पिंजऱ्यांतील आरडाओरड्यावरून स्वभाव ठरत नाहीं. कुत्र्यास बाहेर काढवून दोरीवर चालवून पहावें. तो पूर्वीं कोणास चावला आहे काय, मुलांशीं व जनावरांशीं कसा वागतो, लसी कोणत्या टोंचल्या, निर्बीजीकरण झालें काय, हें स्पष्ट विचारून कागद ताब्यांत घ्यावे.

घरीं आणल्यावर पहिले दोन आठवडे त्यास मोकळा सोडूं नये. पळून जाण्याचा धोका याच काळांत अधिक. लांब दोरीवर बांधाबांधानें फिरवावा. गोठ्याची ओळख दुरून करून द्यावी. गाय-वासरें दिसत असतां कुत्रा शांत राहिला, कीं लगेच भाकरीचा तुकडा द्यावा, व अंतर रोज थोडें थोडें कमी करावें. तो ओढूं लागल्यास जागच्या जागीं थांबावें, मारूं नये. माराचें भय बसलेला कुत्रा हात पाहून बिचकतो, आणि बिचकलेला कुत्रा चावण्याचा संभव फार. ये, बस, सोड या तीन आज्ञा घरांतील सर्वांनीं एकाच शब्दांत द्याव्या. पुरता रुळण्यास तीन महिने सहज लागतात.

नुसत्या ताक-भाकरीवर मोठा कुत्रा नीट पोसत नाहीं. अंडीं अथवा शिजविलेलें मांस जोडीस हवें. अन्न दोन वेळां विभागून द्यावें, व पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवूं नये; खोल छातीच्या कुत्र्याचें पोट फुगून त्यास पीळ पडला तर तें जिवावर बेततें. कांदा, लसूण, द्राक्षें व बेदाणे त्यास विषारी आहेत. उंदरांचें विष व फवारणीचीं औषधें कुलपांत ठेवावीं.

पिसाळ रोगाची लस पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेळच्यावेळीं टोंचून घ्यावी. या रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर माणूस काय, जनावर काय, बहुधा वांचतच नाहीं. चावा अथवा ओरखडा झाल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हळद-चुना लावून बसूं नये.

जुन्नर, अकोले या बाजूच्या शेतकऱ्यांस आणखी एक सूचना. उंसाच्या टापूंत बिबट्याच्या खाद्यांत कुत्र्यांचा वांटा मोठा असल्याचें आढळून आलें आहे. तेथें रात्रीं कुत्र्यास अंगणांत बांधणें म्हणजे बिबट्यास आमंत्रण देणें होय. त्यास दार असलेल्या पक्क्या खोलींत ठेवावें. तेथूनही त्याचें भुंकणें घरधन्यास जागें करतें.

इतकें करूनही न जमल्यास कुत्र्यास रस्त्यावर सोडूं नये, आणला तेथेंच परत द्यावा. परंतु नव्या गोऱ्ह्यास जूं शिकवितांना शेतकरी जो धीर धरतो, तोच येथें धरला तर ही पाळी सहसा येणार नाहीं, असा आमचा भरंवसा आहे.