रजा सात दिवसांची, उतार एकच!

मनालीला हनीमूनला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी जोडप्यांच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो. भाड्याचा लांब कोट, पायात गमबूट, हातात स्कीच्या दोन काठ्या आणि चेहऱ्यावर एव्हरेस्ट सर केल्याचं हसू! त्या स्कीज पायात जेमतेम दहा मिनिटं होत्या आणि त्यातली आठ मिनिटं कुणीतरी दंड धरून ठेवला होता, हे फोटोत दिसत नाही इतकंच.

फोटोला माझी हरकत नाही. पण हल्ली लंच टाइममध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, खरंखुरं स्कीइंग आपल्याला जमेल का? त्यासाठी स्वित्झर्लंडच गाठावं लागतं ना?" तर मंडळी, जमतं आणि आपल्या हिमालयात जमतं. गेल्या काही हिवाळ्यांत सोलंग, औली आणि गुलमर्ग हे तिन्ही उतार मी पालथे घातलेत, बऱ्याचदा स्वतःच पालथी पडून! त्यातून एकच गोष्ट पक्की कळलीय. सहा दिवसांत तीन स्पॉट 'करणाऱ्याला' स्कीइंग येत नाही. एकाच उतारावर सहा दिवस काढणाऱ्याला येतं.

दोन पट्ट्या की एक फळी?

आधी हे ठरवा. स्कीइंगमध्ये प्रत्येक पायाला वेगळी पट्टी, तोंड समोर आणि हातात काठ्या. स्नोबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला आडवे जखडलेले, काठ्या नाहीत. स्कीइंगची सुरुवात सोपी असते. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब केली की पिझ्झाच्या तुकड्याचा आकार होतो आणि ब्रेक लागतो. पट्ट्या फ्रेंच फ्राइजसारख्या समांतर ठेवल्या की सुसाट! पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत छोटा उतार उतरता येतो, मात्र पुढची सफाई यायला हिवाळेच्या हिवाळे जातात. स्नोबोर्डचं नेमकं उलटं. पहिले दोन-तीन दिवस नुसतं आपटायचं. मग अचानक एका सकाळी फळीची कड बर्फात बसते आणि वळण जमायला लागतं. स्कीइंगमध्ये गुडघा जपायचा, स्नोबोर्डिंगमध्ये मनगट. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

कुठला उतार कुणाचा?

सोलंग : मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटरवर. उतार लहान आणि पर्यटकांची गर्दी भरपूर. पण पहिल्यांदा पायात स्कीज चढवायला जागा छान. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे स्कीइंग कोर्स शिस्तीचे आणि खिशाला परवडणारे असतात. २०१८मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत ब्राँझ जिंकून भारताला स्कीइंगमधलं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळवून देणारी आंचल ठाकूर याच मनालीची.

औली : उत्तराखंडात, साधारण २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर. देवदारांच्या मधून उतरणारे लांबलचक उतार आणि समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी. गर्दी कमी, त्यामुळे शिकताना कुणी अंगावर येण्याची भीती कमी. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या होत्या. पण पोचायला दम लागतो. हृषीकेशहून जोशीमठपर्यंत जवळजवळ अडीचशे किलोमीटर घाटरस्ता आहे. जानेवारी २०२३मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले आणि औलीला जाणारा प्रसिद्ध रोपवे थांबवावा लागला. त्यामुळे औलीपर्यंत गाडीनंच जायचं, असं धरून प्लॅन करा.

गुलमर्ग : हा सगळ्यांचा बाप! श्रीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर, उंची सुमारे २,६५० मीटर. १९२७मध्ये ब्रिटिशांनी इथे स्की क्लब काढला, इतका जुना हा नाद. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८मध्ये कोंगडूरीपर्यंत सुरू झाला, तर दुसरा २००५मध्ये अफरवतच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटरवर गेला. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं, म्हणजे हिशोब करा! खाली नवशिक्यांसाठी सौम्य उतार, मध्ये जरा सरावलेल्यांसाठी, आणि वर जगभरातून लोक ज्यासाठी येतात ती न दाबलेली, पावडरसारखी भुसभुशीत हिमाची भिंत. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आरिफ खान, तो इथलाच. त्याच्या वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचं दुकान होतं.

दोरीच्या पलीकडे

गुलमर्गला चौथ्या दिवशी आमच्या बॅचमधल्या एकाला दुसऱ्या टप्प्यावर जायची घाई झाली. खालचा उतार आता बोअर होतो, म्हणाला. इन्स्ट्रक्टरनं वाद घातला नाही. त्याला फक्त सांगितलं, "इथे दहा वेळा उतर आणि दहाही वेळा मी सांगेन तिथेच थांबून दाखव." सहाव्या खेपेला स्वारी गप्प झाली.

हा खडूसपणा नव्हे. फेब्रुवारी २०२३मध्ये अफरवतवर हिमकडा कोसळून पोलंडचे दोन स्कीअर गेले. फेब्रुवारी २०२४मध्ये रशियाचा एक. दोन्ही अपघात आखलेल्या उतारांच्या बाहेर, मोकळ्या डोंगरावर झाले. नव्या बर्फाचा जड थर खालच्या कच्च्या थरावर बसतो, आणि एका माणसाच्या वजनानंही अख्खा उतार सुटू शकतो. स्की पॅट्रोलनं दोरी लावून उतार बंद केला की तो बंद! दोरीपलीकडे जायचंच असेल तर आधी काही हिवाळे शिकायचं, मग स्थानिक गाइड घ्यायचा, आणि बर्फाखाली माणूस शोधणारा बीकन, फावडं आणि शोधकाठी बरोबर ठेवायची. रीलसाठी तर अजिबात जायचं नाही.

बर्फ पडला तर...

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात. कडाक्याची थंडी आणि बर्फाचा हक्काचा काळ. पण जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गची कुरणं महिन्याच्या अखेरपर्यंत तपकिरी होती. फेब्रुवारी २०२५मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. मशीननं बर्फ करायचा म्हटलं तरी त्यालाही गोठवणारी हवा लागते! आपली फार तर सुट्टी वाया जाते, पण इन्स्ट्रक्टर, स्लेज ओढणारे आणि सामान भाड्यानं देणारे यांची वर्षाची कमाई त्या दोन-तीन महिन्यांत असते. म्हणून जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा, तारीख बदलता येईल असं तिकीट काढा आणि निघण्याआधी इन्स्ट्रक्टरला फोन करून बर्फ किती आहे ते विचारा.

बॅगेत काय?

जीन्स घरी ठेवा. भिजली की दिवसभर गारठवते. वॉटरप्रूफ पँट, ग्लोव्हज, गॉगल आणि सनस्क्रीन मस्ट. बर्फावरून उलटून आलेलं ऊन चेहरा भाजून काढतं. मोज्यांचा एकच लांब जोड घाला, दोन घातले की बूट सैल बसतात आणि पाय चोळामोळा होतो. स्कीज, बूट आणि हेल्मेट तिथे भाड्यानं मिळतं. बूट घालून दुकानातच दहा मिनिटं चाला, टोचला तर बदलून मागा. आणि हो, ट्रॅव्हल इन्शुरन्सची बारीक अक्षरं वाचा. कित्येक पॉलिसींमध्ये स्कीइंग धरलेलंच नसतं.

बाकी तयारी आजपासून ऑफिसातच सुरू करता येईल. लिफ्ट सोडा, जिने चढा-उतरा आणि भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून रोज दोन मिनिटं बसा. मांड्या भरून आल्या की समजा, पहिल्या दिवसाची रंगीत तालीम झाली. आणि रजेचा अर्ज सात दिवसांचाच टाका, चारचा नको. पहिले तीन दिवस पडण्यातच जातात, मजा चौथ्यापासून सुरू होते!