मांजरांच्या सोबतीने चहा

जुनी माणसे मुंबईच्या विमानतळाला अजून सांताक्रूझचा विमानतळच म्हणतात. एके काळी खेड्यातल्या माणसाला तो फार दूरचा वाटे. आता तसे राहिलेले नाही. मुलगा जपानात नोकरीला असतो, नातवंडाला पाहायला आजी-आजोबा इथूनच विमानात बसतात. तिकडे देवळे झाली, बागा झाल्या, की नातवंड एक दिवस म्हणते, “आजोबा, आज मांजरांच्या कॅफेत जाऊ या.”

कॅफे म्हणजे आपले चहा-फराळाचे हॉटेल. पण इथे बाकावर, फळीवर, खिडकीत मांजरे पसरलेली असतात आणि गिऱ्हाईक त्यांच्यात जाऊन बसते. बहुतेक ठिकाणी पैसे चहाचे नव्हेत, वेळेचे. अर्धा तास, तासभर, असा दर असतो.

आता तुम्ही म्हणाल, मांजर पाहायला पैसे? आमच्या कणगीजवळ फुकट बसलेले असते! खरे आहे. पण टोकियोसारख्या शहरात भाड्याची घरे लहान आणि पुष्कळ घरमालक जनावर पाळू देत नाहीत. दिवसभर कचेरीत राबलेल्या माणसाला घरी कुणी पायात घोटाळणारे नसते. त्या एकटेपणातून हा धंदा वाढला. त्याची सुरुवात मात्र जपानात नव्हे, तैवानच्या तैपेई शहरात 1998 साली झाली. ओसाकाला पहिले दुकान निघाले ते 2004 मध्ये. पुढे लंडन, व्हिएन्नापर्यंत हे वेड पोहोचले. आपल्या इराण्याच्या हॉटेलातही टेबलाखालून मांजर फिरे म्हणा. पण त्याचे बिल कुणी लावले नाही.

चांगल्या दुकानात शिस्त असते. बूट बाहेर, हात साबणाने धुवायचे, निजलेल्या मांजराला उठवायचे नाही, उचलून घ्यायचे नाही, लखलखाट करून फोटो काढायचे नाहीत. मांजर दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ झोपेत काढते, म्हणून उंचावर फळ्या आणि मागे माणसाला मज्जाव असलेली खोली हवी. जपान सरकारने 2012 साली कुत्री-मांजरे रात्री आठनंतर गिऱ्हाइकांपुढे ठेवण्यास बंदी घातली. मोकळ्या फिरणाऱ्या मोठ्या मांजरांच्या कॅफेंना तेवढी दहापर्यंत सवलत मिळाली. म्हणजे जनावरालाही कामाचे तास असतात हे कायद्याला मान्य करावे लागले!

आत शिरल्यावर तुम्ही एकच गोष्ट पाहा: या जनावराला कंटाळा आला, तर त्याला तुमच्यापासून उठून जाता येते का? गुरे राखणाऱ्या माणसाला हे शिकवायला नको. दावणीचे जनावर आणि मोकळे जनावर यांच्या डोळ्यांतला फरक तुम्हांला दुकानदारापेक्षा लवकर कळेल.

मांजर निदान हजारो वर्षे माणसाजवळ राहिलेले आहे. पण जपानात घुबडांचेही कॅफे आहेत. घुबड रात्रीचा पक्षी. त्याला भर दिवसा पायात वादी बांधून खुंटावर बसवायचे आणि येईल त्याने डोक्यावरून हात फिरवायचा! तो हलत नाही, म्हणून लोकांना वाटते की तो माणसाळला. उडून जाता येत नसेल तर पाखरू दुसरे काय करील? आपल्या शेतात हाच पक्षी रात्री उंदीर टिपतो.

पाणमांजरांचे तसेच. लहान नखांचे पाणमांजर आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही आढळते. त्याची गोजिरवाणी चित्रे पाहून पूर्व आशियात पिल्लांना मागणी वाढली, आणि ती रानातून पकडली जाऊ लागली. शेवटी भारत आणि आणखी काही देशांनी आग्रह धरल्यावर, 2019 साली जिनिव्हाच्या परिषदेत या प्राण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. दक्षिण कोरियात 2023 च्या डिसेंबरपासून प्राणिसंग्रहालयाबाहेर रानटी जनावरे मांडण्यास मनाई झाली, जुन्या नोंदलेल्या दुकानांना तेवढी मुदत मिळाली.

परतताना कुणी “एक पिल्लू घेऊन जा” म्हणाला, तर साफ नकार द्या. मुंबईच्या विमानतळावर सीमाशुल्काचे लोक असे सामान वरचेवर पकडतात. 2025 च्या जूनमध्ये थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात तर विषारी साप निघाले.

मांजरांच्या कॅफेचा एक प्रकार मात्र मला मनापासून पटतो. अमेरिकेत ओकलंडला 2014 साली निघालेल्या कॅफेत बेवारशी मांजरे ठेवीत आणि आलेला माणूस आवडलेले मांजर कायमचे घरी नेई. सांताक्रूझपासून फार लांब नाही, अंधेरीच्या वर्सोव्यात ‘कॅट कॅफे स्टुडिओ’ निघाला तोही याच विचाराने: रस्त्यावरून उचललेली, औषधपाणी केलेली मांजरे, आणि त्यांना घर शोधून देण्याची खटपट. इथे चहा हे निमित्त असते.

गुरुजी, मुलांना हे सांगताना एक गोष्ट जरूर सांगा. जपानात 1957 नंतर तिथल्या कुठल्या जनावराला रेबीज झालेला नाही. आपल्याकडे तो आहे, आणि तो मांजरापासूनही होतो. तिकडे खेळून आलेले पोर इकडे गल्लीतल्या मांजराला तसेच कवटाळायला जाईल. ओरखडा उठला, तर हळद-चुना लावीत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस मिळते. ठरलेल्या तारखांची सगळी इंजेक्शने घ्यायची, मधली एकही चुकवायची नाही.